चहागृहांचा हिशेब आणि पहिला व्यापारी संगणक

ज्या काळी विद्युत् गणनयंत्र म्हणजे गणितज्ञांच्या आणि तोफखान्याची कोष्टके करणाऱ्यांच्या उपयोगाची वस्तू, असा बहुतेक शहाण्यासुरत्या माणसांचा समज होता, त्या काळी अशा यंत्राकडून कारखान्याचा आणि दुकानदारीचा रोजचा कारभार करवून घेण्याचे धाडस जगात प्रथम जर कोणी केले असेल, तर ते एखाद्या पेढीने, विमा कंपनीने अगर सरकारी खजिन्याने केलेले नसून, लंडनमधील चहा, पाव आणि केक विकणाऱ्या एका कंपनीने केलेले आहे. ‘जे. लायन्स अँड कंपनी’ हे तिचे नाव. १८९४ साली पिकॅडिली रस्त्यावर तिचे पहिले चहागृह उघडले आणि पुढील अर्ध्या शतकात पांढऱ्या-सोनेरी पाट्या मिरवणारी तिची दुकाने इतकी पसरली, की राजधानीत हिंडणाऱ्या सामान्य कारकुनाला किंवा खरेदीस निघालेल्या गृहिणीला थोड्या पैशांत स्वच्छ टेबलावर बसून चहा घेण्याची सोय जागोजाग झाली. या सर्व दुकानांना लागणारा जिन्नस हॅमरस्मिथ भागातील कॅडबी हॉल येथील विस्तीर्ण भटारखान्यांतून रोज गाड्या भरून रवाना होत असे.

चहाच्या धंद्यातील माणसांना संगणकाची निकड भासावी, याचे कारण त्या धंद्याच्या स्वरूपातच आहे. एका कपामागे किंवा एका केकमागे मिळणारा नफा पेनीच्या अंशात मोजावा लागे. मात्र असे व्यवहार रोज लक्षावधी होत, आणि त्यांतील प्रत्येकाची कोठे ना कोठे नोंद, बेरीज आणि रुजवात करणे भाग असे. सबब, ज्या धंद्यात नफ्याची कड इतकी बारीक आहे, तेथे हिशेब ठेवण्याचा खर्चच नफा खाऊन टाकील ही भीती काल्पनिक नव्हती. कारकुनांचे ताफेच्या ताफे बेरीजयंत्रांपुढे बसून दिवसभर आकडे उतरवीत, आणि तरीही आठवड्याचा ताळा व्यवस्थापकाच्या हाती पडे तेव्हा तो आठवडा उलटून गेलेला असे.

१९२३ साली या कंपनीत केंब्रिजचा एक गणिताचा पदवीधर नोकरीस लागला. जॉन सिमन्स त्याचे नाव. या गृहस्थाचे कर्तृत्व संगणकाच्या इतिहासात जितके सांगितले जावयास हवे तितके सांगितले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बुद्धिमान माणसांनी आयुष्यभर नुसत्या बेरजा कराव्यात याची त्याला मनस्वी खंत वाटे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणताही तक्ता किंवा नोंदवही पुढे आली म्हणजे हा आकडा कोणाला, कोणता निर्णय घेण्यासाठी हवा आहे, आणि तो केव्हा हाती आला तर उपयोगी पडेल, हे विचारल्याखेरीज तो पुढे जात नसे. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी त्याच्या प्रेरणेने कंपनीत एक ‘व्यवस्था-संशोधन कार्यालय’ स्थापन झाले. त्या कार्यालयातील माणसे निरनिराळ्या खात्यांत जाऊन बसत, एखादा कागद कोठून निघतो, किती हातांतून फिरतो, कोण त्यावर काय लिहितो आणि अखेर तो कोणत्या दफ्तरात जाऊन पडतो याचा माग काढीत, आणि ज्याचा कोणालाच उपयोग नाही असा शिरस्ता बंद करवीत. संगणक हा शब्दही कोणाच्या कानी नव्हता, त्या काळापासून सुमारे पंधरा वर्षे हे काम कागद-पेन्सिलीने अव्याहत चालू होते. लायन्सला पुढे जे यश लाभले त्याचे मूळ मला यंत्रापेक्षा या पंधरा वर्षांत अधिक दिसते.

महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, रेमंड थॉम्प्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड या दोन अधिकाऱ्यांना नवीन कार्यालयीन पद्धती पाहण्यासाठी अमेरिकेस पाठविण्यात आले. तेथे प्रिन्स्टन येथे त्यांची हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी गाठ पडली. एनिअ‍ॅक या प्रसिद्ध गणनयंत्राच्या निर्मितीत त्यांचा भाग होता. या पाहुण्यांना उमगले ते असे, की जे यंत्र तोफगोळ्याचा मार्ग आखू शकते ते पगारपत्रकही करू शकेल. आणि त्याचबरोबर असेही समजले, की असे एक यंत्र त्यांच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स बांधीत आहेत. परत आल्यावर त्यांनी संचालक मंडळाला अहवाल सादर केला आणि मंडळाने केंब्रिजच्या यंत्रासाठी आर्थिक साहाय्य व आपला एक तंत्रज्ञ, अर्नेस्ट लेनार्ट्स, देऊ केला. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचे ‘एडसॅक’ चालू झाले, आणि लायन्सने त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधण्याचा निश्चय पक्का केला. चहाच्या कंपनीने संगणक स्वतः बांधावा हे आज चमत्कारिक वाटते खरे. पण बाजारात तो विकत मिळतच नव्हता, तर दुसरे काय करणार?

जॉन पिंकर्टन नावाच्या, रडारच्या कामात मुरलेल्या तरुण अभियंत्याकडे ही कामगिरी सोपविण्यात आली. यंत्राचे नाव ‘लिओ’, म्हणजे लायन्सचे इलेक्ट्रॉनिक कार्यालय. त्यात सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह होते, आणि स्मरणासाठी पाऱ्याने भरलेल्या नळ्या होत्या. नळीच्या एका टोकाला आकडा ध्वनिलहरीच्या रूपाने सोडावयाचा, तो पाऱ्यातून हळूहळू प्रवास करीत दुसऱ्या टोकाला पोहोचला की त्याला उचलून पुन्हा पहिल्या टोकाशी आणावयाचे. निरोप विसरू नये म्हणून वाटभर तो पुटपुटत जाणाऱ्या मुलाप्रमाणे हे यंत्र आपले आकडे अखंड घोकीत असे. या नळ्यांत एकूण २,०४८ शब्द, आजच्या परिभाषेत जेमतेम पावणेनऊ किलोबाइट, मावत. आपल्या भ्रमणध्वनीतील एका साध्या छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते.

परंतु खरी अडचण स्मरणशक्तीची नव्हती. गणितज्ञाचे काम आणि वाण्याचे काम यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो लायन्सच्या माणसांनी फार लवकर ओळखला. गणितज्ञ यंत्राला चार आकडे देतो आणि त्यांवर तासन्‌तास गणित करवून एक उत्तर मागतो. व्यापाऱ्याचे गणित शाळकरी मुलालाही येईल असे सोपे असते, परंतु त्याला हजारो आकडे आत घालावयाचे असतात आणि हजारो आकडे छापून बाहेर हवे असतात. म्हणजे यंत्र कितीही चपळ असले तरी छिद्रित कार्डे वाचणारे आणि कागद छापणारे उपकरण मंद असेल, तर ते सारे चापल्य खोळंबून राहते. आरंभी चुंबकीय साधनांवर भिस्त ठेवण्यात आली होती. ती साधने वेळेवर धड चालेनात, तेव्हा ती योजना सोडून कागदी फीत आणि छिद्रित कार्डे यांकडे परतावे लागले, आणि पगारपत्रकाचे काम त्यामुळे लांबले. पिंकर्टनने यावर काढलेला तोडगा असा, की माहिती आत घेण्याचे आणि उत्तरे बाहेर सोडण्याचे अनेक स्वतंत्र मार्ग यंत्राला जोडावयाचे आणि त्या प्रत्येक मार्गावर तात्पुरता साठा ठेवावयाचा, म्हणजे एकीकडे वाचन, एकीकडे गणन आणि एकीकडे छपाई ही एकाच वेळी चालू राहतील.

५ सप्टेंबर १९५१ रोजी भटारखान्याच्या मूल्यांकनाचे काम लिओवर प्रथम चालविण्यात आले आणि २९-३० नोव्हेंबरपासून ते कायमचे त्याच्याकडे सोपविले गेले. या आठवडी कामाचे स्वरूप साधेच होते: भटारखान्यात किती माल तयार झाला, त्यास कच्चा माल व मजुरी यांचा किती खर्च लागला, आणि तो चहागृहे व विक्रेते यांच्याकडे कोणत्या प्रमाणात गेला, याचा जमाखर्च मांडावयाचा. व्यापारी कचेरीतील नित्याचे काम संगणकाने नेमाने करण्याचा प्रारंभ येथून झाला असे मानतात.

पगारपत्रकाचे काम मात्र याहून पुष्कळ नाजूक होते. १९४४ पासून ब्रिटनमध्ये प्राप्तिकर दर पगारातून वजा करण्याची पद्धत सुरू झाली होती, आणि हा कर त्या वर्षातील आजवरच्या एकूण मिळकतीवरून दर वेळी नव्याने काढावा लागे. शिवाय वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सांचा शिलिंग. आपल्याकडे १९५७ पूर्वी रुपये-आणे-पैचे हिशेब ज्यांनी केले असतील त्यांना हा त्रास निराळा सांगावयास नको. अनुभवी कारकुनाला एका नोकराच्या पगाराचा हिशेब करण्यास सुमारे आठ मिनिटे लागत, तो लिओ दीड सेकंदात करू लागला. १९५४च्या आरंभापासून खरे पगार या यंत्रावरून वाटले जाऊ लागले, पण त्याआधी यंत्राचा हिशेब आणि कारकुनांचा हिशेब काही काळ समांतर चालवून पैनपै पडताळण्यात आला होता. डेव्हिड कॅमिनर हा या कामांची आखणी करणारा मुख्य माणूस. त्याची शिस्त मोठी कडक होती. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने ओळ न ओळ तपासल्याखेरीज यंत्रावर चढावयाची नाही, असा दंडक होता. आणि मध्येच एखादा व्हॉल्व्ह जळाला तर पहिल्यापासून सारे पुन्हा करावे लागू नये म्हणून कामात टप्प्याटप्प्यावर थांबे ठेवलेले असत, जेथून पुढे चालू करता येई. मजुराचा पगार शुक्रवारी झालाच पाहिजे, यंत्र बिघडले ही सबब त्याला सांगता येत नाही, ही जाणीव या सगळ्याच्या मुळाशी होती. मला स्वतःला वेगाच्या आकड्यांपेक्षा या जाणिवेचे मोल अधिक वाटते.

याच वर्षी, १९५४च्या ऑक्टोबरात, चहागृहांच्या मालवाटपाचे काम लिओवर आले, आणि संगणकाने कारभार चालविणे म्हणजे नेमके काय याचा पहिला पुरा नमुना जगापुढे उभा राहिला. त्या वेळी चहागृहे दीडशेच्या आसपास होती आणि प्रत्येकाला उद्याचा माल आज मागवावा लागे. पूर्वी प्रत्येक व्यवस्थापिका सगळ्या जिनसांची लांबलचक यादी लिहून धाडीत असे. आता असे ठरले, की प्रत्येक दुकानाची वारानिहाय एक कायम मागणी यंत्राजवळ नोंदवून ठेवावयाची आणि व्यवस्थापिकेने फक्त तीत फरक हवा असेल तेवढाच सांगावयाचा: हवा गार पडली तर अमुक पदार्थ वाढवा, जवळच्या कचेऱ्यांना सुटी तर तमुक कमी करा. मध्यवर्ती कार्यालयातील मुली ठरलेल्या वेळी एकेका दुकानाशी दूरध्वनीवर बोलत आणि कानाला यंत्र लावूनच ते फरक थेट कार्डांवर छिद्रित करीत. ती कार्डे लिओत गेली की भटारखान्यासाठी कोणता पदार्थ किती करावयाचा याची बेरीज, बांधणी करणाऱ्यांसाठी दुकानवार याद्या, गाडीत माल रचण्यासाठी फर्दा, दुकानाच्या नावे बिल आणि व्यवस्थापनासाठी खर्च व विक्री यांचा गोषवारा, हे सर्व एकाच माहितीतून निघे. तोच आकडा पाच वह्यांत पाच हातांनी उतरवण्याचे संपले. व्यवस्थापिकेचाही दिवसाकाठी लिखापढीचा वेळ वाचला आणि गिऱ्हाइकाकडे पाहण्यास ती मोकळी झाली. सिमन्सने वीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या पूर्णपणे अन्यत्र कोठे मिळालेले मला ठाऊक नाही.

पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. १९५४ साली लायन्सने संगणक बांधून विकणारी वेगळी कंपनी काढली. १९५६ पासून फोर्डच्या इंग्लंडमधील कारखान्याचे पगार लिओवर होऊ लागले. परंतु संगणक बांधण्याच्या शर्यतीला लागणारे भांडवल चहाच्या नफ्यातून पुरेना, आणि १९६३ साली ती कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली. लिओच्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रांनी ब्रिटिश टपाल खात्याची दूरध्वनीची बिले १९८१ पर्यंत काढली. त्याआधीच, १९७८ साली, मूळ लायन्स कंपनी एका मद्यनिर्मात्या कंपनीच्या ताब्यात गेली होती.

आपल्या देशात हा विषय आला तो वादळ घेऊनच. आयुर्विमा महामंडळात संगणक बसविण्याच्या प्रश्नावरून साठीच्या दशकात कलकत्त्यास मोठे आंदोलन झाले, आणि स्वयंचलनाचा प्रश्न तपासण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांच्याकडे आले. आठ मिनिटांचे काम दीड सेकंदात होते हे ज्या कारकुनाने ऐकले, त्याच्या पोटात गोळा उठला तर त्यात नवल नाही, आणि त्या भीतीची हेटाळणी करणे मला कधीच न्याय्य वाटलेले नाही. बँकांत यंत्रे यावीत की नाहीत याविषयी संघटनांशी करार होण्यास १९८३ साल उजाडले.

मुंबईत मात्र याच्या कितीतरी आधी एक काम शांतपणे सुरू झाले होते. १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आरंभीच्या काळात जी कामे घेतली, त्यांत सेंट्रल बँकेच्या आंतरशाखीय हिशेबांची रुजवात हे एक होते. नाशिकच्या शाखेने पैसे घेऊन कलकत्त्यावर ड्राफ्ट दिला, तो कलकत्त्यास वटला, की एकीकडे जमा आणि एकीकडे नावे अशा दोन नोंदी दोन गावी पडतात. त्या दोहोंची मध्यवर्ती कचेरीत जोडी जुळेपर्यंत ती रक्कम लटकलेली राहते, आणि शेकडो शाखांच्या बँकेत अशा लटकलेल्या नोंदींचे ढीग साचून त्यांत लबाडीही लपून बसू शकते. गणित येथेही शाळकरीच आहे. संख्या अफाट आहे.

आज पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या मध्यम कारखान्यात खरेदी, भांडार, उत्पादन आणि हिशेब यांना एकत्र बांधणारी संगणकप्रणाली आणावयाची ठरते, तेव्हा पहिले काही आठवडे पडद्यासमोर जातच नाहीत. भांडारातील माणूस ज्या बोल्टला एका नावाने ओळखतो, त्यालाच खरेदी खाते पुरवठादाराच्या यादीतील क्रमांकाने आणि यंत्रशाळेतील कामगार तिसऱ्याच नावाने हाक मारीत असतो; आणि हे तिघे एका टेबलाशी बसून प्रत्येक जिनसाला एकच संकेतांक देत नाहीत तोवर कितीही महाग प्रणाली घेतली, तरी भांडारात शिल्लक असलेला माल ती पुन्हा मागवीतच राहते. म्हणून या कामासाठी येणारा जाणता सल्लागार मालकाच्या दालनात फार वेळ काढीत नाही. तो भांडारपालाची जुनी वही मागवून घेतो, तिच्यातील समासात पेन्सिलीने केलेल्या खुणांचा अर्थ त्याच्याकडूनच समजून घेतो, आणि मग त्याच्याबरोबर फडताळे मोजावयास निघतो.