नियम आणि नावड

जैन घरातील ताटात काय असू नये, याची यादी लहान मुलांनाही पाठ असते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे, सुरण ही कंदमुळे अनंतकाय म्हणून वर्ज्य. वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य. वड, पिंपळ, उंबर यांसारखी पाच उदुंबर फळे त्यांतील सूक्ष्म जीवांमुळे वर्ज्य. फ्लॉवर किडीच्या शंकेने अनेक घरांत येत नाही. चातुर्मास लागला की पालेभाजी थांबते, आणि तिथी पाळणाऱ्यांकडे अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजीच शिजत नाही. परंपरेनुसार व घराण्यानुसार यात थोडाफार फरक असतो. पण प्रत्येक नियमामागील अहिंसेची दृष्टी एकच आहे.

ही यादी वजा केल्यावर मंडईत जे उरते, तेही थोडे नाही. दुधी, दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, तोंडली, भेंडी, गवार, घेवडा, लाल भोपळा, काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कच्चे केळे आणि मोकळ्या महिन्यांत मेथी, पालक, कोथिंबीर. अडचण सुरू होते ती यांपैकी काहीच न आवडणाऱ्या माणसापाशी. इतर घरांत अशा माणसापुढे बटाट्याची भाजी येते आणि प्रश्न तात्पुरता मिटतो. जैन घरात ती वाट बंद असते. मग त्याच्या ताटात उरतात वरण, भात, पोळी, पापड, लोणचे आणि बाजूला शेव-गाठियांचा डबा. नियमांनी निवड मुळातच मर्यादित केलेली असते. त्यात नावडीची भर पडली की भाजी ताटातून जवळजवळ नाहीशी होते.

हे केवळ मुलांचे दुखणे नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, पेढीचा सारा व्यवहार सांभाळणारे कितीतरी पुरुष दुधीचे नाव काढले तरी ताट दूर सारतात. व्यापाऱ्याची दिनचर्या या नावडीला खतपाणी घालते. दुपारचा डबा गिऱ्हाइकांच्या गर्दीत कसाबसा उरकला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, तर दुकानातून घरी येण्याची घाई. ते साधले नाही तर दिवस असतानाच खाखरा, शेव-मुरमुरे यांवर भागवले जाते. दिवसभर गादीवर बैठक, पोटात मैदा, बेसन आणि तेल; ताटात तंतुमय पदार्थ नाममात्र. मधुमेह, बद्धकोष्ठता आणि वाढते वजन व्यापारी घरांना नवे नाहीत. डॉक्टरांनी पथ्याचा कागद हाती दिला म्हणजे त्यावरची पहिली ओळ बहुधा भाजीचीच असते, आणि ज्याने आयुष्यभर भाजी टाळली त्याला औषधापेक्षा ती ओळ कठीण वाटते.

या सवयीला इतिहासही आहे. महाराष्ट्रातील अनेक जैन व्यापारी घराणी राजस्थानातून आणि गुजरातेतून आलेली. मारवाडच्या कोरड्या भूमीत ताजी भाजी दुर्मिळ. म्हणून तेथील स्त्रियांनी वाळवलेल्या केर-सांगरीची, बेसनाच्या गट्ट्यांची, मुगोड्यांची आणि पापडाची भाजी सिद्ध केली. तिथीच्या दिवशी हिरवे वर्ज्य असताना हेच पदार्थ उपयोगी पडत आले. त्या भूमीत ती गरज होती आणि अंगमेहनत अन्न पचवत होती. आज तीच पाककृती पुणे, नाशिक, सोलापूर अशा भरल्या मंडईच्या शहरांत रोजची झाली, तेव्हा गरज संपली आणि सवय तेवढी उरली. याउलट सांगली-कोल्हापूरकडील शेती करणाऱ्या जैन घरांत भाजी मळ्यातूनच चुलीपर्यंत येते. तेथे ताटाचे चित्र पुष्कळदा वेगळे दिसते.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. तिथीला हिरवी भाजी न खाणे हा नियम आहे. पण ज्याला भाजी मुळातच नकोशी आहे, त्याने अष्टमी आली म्हणून मनातून सुखावणे याला काय म्हणावे? त्याग तोच, ज्यात सोडलेल्या वस्तूची इच्छा असते. गोड आवडणाऱ्याने गोड सोडले तर ती साधना. दोडका न आवडणाऱ्याने दोडका सोडला तर त्यात जिभेवर कोणताही विजय नाही. जिभेचीच आज्ञा तेथे पाळली गेली. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसपरित्यागाला स्थान आहे ते रसनेंद्रियावर ताबा यावा म्हणून. आवडीचे मागणारी जीभ आणि नावडीचे नाकारणारी जीभ या दोन नाहीत. राग आणि द्वेष ही बंधनाची दोन मुळे मानली, तर पक्वान्नावरचा लोभ जसा राग, तशी कारल्यावरची अढी हा लहानसा द्वेषच होय.

साधुजीवनात हे तत्त्व रोज आचरले जाते. दशवैकालिक सूत्रातील पिंडैषणा अध्ययनात साधूला सांगितले आहे की, गोचरीत मिळालेले शुद्ध अन्न तिखट, कडू, तुरट, आंबट, कसेही असो, ते मधुर मानून समभावाने ग्रहण करावे. श्रावकाकडून इतकी अपेक्षा कोणी करीत नाही. पण साधूंना आदराने आहार वहोरावणाऱ्या घरात, त्याच भाजीवरून घरातला कर्ता पुरुष ताट सरकवतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. आयंबिलची ओळी केलेल्यांना दुसरी बाजूही ठाऊक असते. चैत्रात व आश्विनात नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गोड आणि हिरवे वगळून एक वेळ अन्न घेतल्यावर दहाव्या दिवशी साधी मुगाची डाळही गोड लागते. म्हणजे चव पदार्थात असते तितकीच ती जिभेच्या सवयीतही असते, आणि सवय बदलता येते.

शरीरशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. कडू चवीबाबत सर्व माणसे सारखी नसतात, हे १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. प्रयोगशाळेत उडालेली एक पूड त्याच्या सहकाऱ्याला कडू लागली. त्याला स्वतःला तिची चवच कळली नाही. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले. म्हणून ‘एवढे काय कडू आहे?’ असे म्हणून कोणाची थट्टा करणे न्यायाचे नाही. कोबीचा किंवा मेथीचा कडवटपणा एखाद्याला खरोखरच अधिक जाणवत असतो. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत अनोळखी अन्नाची भीती स्वाभाविकच असते. पण आनुवंशिकतेने अखेरचा निकाल लागत नाही. नवा पदार्थ मुलाच्या अंगवळणी पडण्यास तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावा लागतो. बहुतेक घरांत दुसऱ्या-तिसऱ्या नकारानंतर ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि पदार्थ कायमचा बंद होतो.

सक्तीचा उपयोग होत नाही, उलट हानी होते. अमेरिकेतील लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ‘सूप संपव’ असा लकडा लावलेल्या मुलांनी ते कमीच प्यायले आणि त्याविषयी नाराजीही अधिक बोलून दाखवली. ‘भाजी संपव, मग चॉकलेट मिळेल’ हा सौदाही फसवा आहे. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, हा धडा मूल त्यातून पक्का शिकते. सर्वांत परिणामकारक धडा आईच्या आहारातून मिळतो. गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात आईने खाल्लेल्या अन्नाच्या चवी बाळापर्यंत पोहोचतात आणि ती चव पुढे त्याला परकी वाटत नाही, असे फिलाडेल्फियातील मोनेल संशोधन केंद्राने २००१ मध्ये दाखवून दिले. आणि मोठ्या मुलापुढे उदाहरण असते ते वडिलांच्या ताटाचे. वडिलांनी बाजूला सारलेला दोडका मुलगा खाईल, ही आशा व्यर्थ होय.

मोठ्या माणसाने सुरुवात कशी करावी? प्रथम प्रमाण समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवते. त्यात बटाटा आणि तत्सम पिष्टमय कंद धरलेले नाहीत. म्हणजे बटाटा सोडल्याने या हिशेबात जैन ताटाचे काहीच उणे होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आखलेल्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे आहेत. महिन्यात दहा-बारा तिथी पाळल्या, तरी अठरा ते वीस दिवस मोकळे राहतात. तेवढे दिवस नीट वापरले, तर नियम आणि आरोग्य यांत कोठेही विरोध नाही. गाजराऐवजी लाल भोपळा, पपई आणि आंबा अ जीवनसत्त्वाची गरज भागवतात. लिंबू, आवळा, मोसंबी क जीवनसत्त्व देतात. डाळीसोबत ते घेतले, तर डाळीतील लोहही शरीरात अधिक शोषले जाते.

त्यानंतर एकच भाजी निवडावी आणि चमचाभर वाढून घ्यावी. ताटात अन्न टाकू नये, ताट धुऊन प्यावे, ही शिकवण ज्या घरांत आहे तेथे हे आपोआप जमते. जेवढे संपेल तेवढेच घ्यायचे. तो चमचा जेवणाच्या आरंभी, भूक कडकडीत असताना खावा. फरसाणाने अर्धे पोट भरल्यावर कोणतीच भाजी रुचत नाही. हीच भाजी दोन-तीन दिवसांआड, वेगवेगळ्या रूपांत, दहा-पंधरा वेळा घ्यावी आणि मगच आवड-नावड ठरवावी.

नावडीचे कारण पुष्कळदा भाजीत नसून शिजवण्यात असते. कोबी फार वेळ शिजला की त्याला गंधकाचा उग्र वास येतो. बारीक चिरून, मोठ्या आचेवर थोडाच वेळ परतला तर तो गोडसर लागतो. भेंडीची तार नको असेल, तर ती धुऊन पूर्ण कोरडी करूनच चिरावी आणि आमसूल किंवा लिंबाचा आंबटपणा द्यावा. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून त्या पिळून घेतल्या की कडवटपणा बराच उतरतो, त्यावर चिंच-गूळ. दुधीचा पाणचटपणा नकोसा वाटणाऱ्याने आधी किसलेल्या दुधीचे मुठिये किंवा थालीपीठ खाऊन पाहावे. पडवळ हरभऱ्याच्या डाळीसोबत, गवार ओव्याच्या फोडणीत, लाल भोपळा भरीत करून, दोडक्याच्या शिरांची तिळाबरोबर चटणी: कांदा-लसणाची उणीव भासू न देणारी ही जुनीच रूपे आहेत. हिंग, जिरे आणि ओले खोबरे पुरेसे असतात.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कारल्याचा कडूपणा निराळा आणि कडू दुधीचा निराळा. दुधी, दोडका किंवा काकडी चाखल्यावर कडू लागली, तर ती विषारी असू शकते. ती शिजवू नये, तिचा रस तर मुळीच पिऊ नये. येथे जिभेचे ऐकणेच शहाणपणाचे.

वंकचूलाची कथा अनेकांनी व्याख्यानात ऐकलेली असेल. अनोळखी फळ न खाण्याचा नियम त्याने घेतला होता. बरोबरचे सारे चोर रानातली सुंदर फळे खाऊन मेले आणि हा नियमामुळे वाचला. अज्ञात फळाचा त्याग हा असा जीवनरक्षक विवेक आहे. पण मोसंबी, पपई, डाळिंब, चिकू ही फळे अज्ञात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या घरात येत असूनही ज्यांनी ती चाखलीच नाहीत, त्यांना या नियमाचा आधार घेता येणार नाही. सचित्ताचा त्याग असलेल्यांनी आपल्या परंपरेप्रमाणे फळ चिरून, बिया काढून, दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटांनंतर घ्यावे. दुपारच्या फरसाणाच्या जागी दुकानात असे एक फळ गेले, तरी आरंभ झाला.

तंतुमय अन्न एकदम वाढवू नये. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि उकळलेले पाणी पुरेसे प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्त पातळ होण्याचे औषध घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच बदल करावा.

आणि शेवटी स्वयंपाकघरातील हिशेब. कर्त्या पुरुषाच्या नावडीची किंमत बहुधा सासू-सुनांना मोजावी लागते. घरासाठी एक भाजी आणि त्याच्यासाठी दुसरे काही, असा दुहेरी स्वयंपाक रोज, सूर्यास्ताची वेळ गाठून करावा लागतो. आठवड्यातून चार दिवस सर्वांसाठी एकच भाजी, आणि ती मंडईतून आणण्याचे काम ज्याला ती आवडत नाही त्याचेच, एवढे ठरवले तरी बरेच साधेल. स्वतः निवडून आणलेली, स्वतः निवडायला बसलेली गवार टाकून देणे तितके सोपे नसते.

रोज चौदा नियम धारणारे श्रावक द्रव्यांची मर्यादा ठरवतात: आज इतकेच पदार्थ. त्या मोजक्या पदार्थांत एक जागा नावडत्या भाजीसाठी राखून ठेवता येईल. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, थंडी पडू लागते आणि चार महिने बंद असलेली मेथी, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला पुन्हा मंडईत हिरवागार दिसू लागतो. नीट निवडून, स्वच्छ धुऊन पहिली जुडी घरी आणण्यास तो दिवस उत्तम आहे.