कर्ज आणि कायदा (लेखांक ५) : परवाना सावकाराकडे, हिशेब कुणाकडे?

वारासिवनीच्या धानशेतकऱ्याला किंवा विणकराला कर्ज कुणाकडून मिळालं, यावर त्याला कुठला कायदा लागू होणार हे ठरतं. गावातल्या सावकाराकडून पैसे घेतले तर १९३४ चा सावकारी कायदा. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात तो झाला आणि १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा इकडे तोच चालू राहिला. बावनथडीपलीकडे तुमसरला मात्र महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा चालतो. तिथं परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. गटाचं कर्ज देणारी नोंदणीकृत फायनान्स कंपनी दोन्ही काठांवर रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येते. अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळच्या नेदुंपिल्ली फायनान्स प्रकरणात दिला. तेव्हापासून परवाना राज्याने द्यावा की केंद्राने, ही चर्चा जोरात आहे. परवाना हवाच, पण कर्जदाराच्या हातात हिशेबाचा कागद नसेल तर कुणाचाही परवाना त्याच्या कामी येत नाही, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

इतिहास हेच सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांचा पहिला रोख सावकारांच्या खतांवर होता; खतं ओढून काढून जाळली गेली. कर्जाचा एकुलता एक पुरावा सावकाराच्या पेटीत, हे दुखणं सरकारलाही उमगलं. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात शेतकऱ्यांची खतं निबंधकापुढे नोंदवण्याची, भरलेल्या रकमेची पावती देण्याची आणि हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद आली. याउलट १९१८ च्या कायद्याने जबर व्याज कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या हाती दिला आणि बाकी सगळं कोर्टावर सोडलं. दहाच वर्षांत शेतीविषयक शाही आयोगाने तो कायदा जवळजवळ निर्जीव ठरवला. १९३४ च्या कायद्याने पुन्हा कागदाची वाट धरली: सावकाराने हिशेब ठेवायचा, कर्जदाराला दरवर्षी त्याचं विवरण द्यायचं, नाही दिलं तर कोर्ट व्याज नाकारू शकेल. नोंदणी नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावाही कोर्टात पुढे सरकत नाही.

मग हा कायदा फिका का पडला? कारण त्याची सारी ताकद दिवाणी कोर्टाच्या दारात आहे आणि विनापरवाना सावकार त्या दाराकडे फिरकतच नाही. कोरा सही केलेला चेक, कोरा स्टँप पेपर, दागिने किंवा गाडीची कागदपत्रं त्याच्या कपाटात असतात. चेक वटला नाही की १९८९ पासून फौजदारी तक्रारीची वाट मोकळी आहे. सावकाराकडे परवाना नसेल तर ही तक्रार टिकते का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. २०२० मध्ये मध्य प्रदेशाने अनुसूचित क्षेत्रांतल्या आदिवासींची, विनापरवाना सावकारांकडून १५ ऑगस्ट २०२० पर्यंत घेतलेली कर्जं रद्द ठरवली. आपल्या जिल्ह्यातला बैहरचा भाग त्यात येतो. हेतू चांगला, पण चांदीची हसळी बिनपावतीची गहाण पडली असेल, तर कर्ज रद्द झालं तरी ती परत मागायची कशाच्या आधारावर?

नोंदणीकृत कंपनीच्या बाबतीतही कागदच कळीचा आहे, आणि साधं गणित केलं की ते पटतं. समजा, एजंटाने सांगितलं, “३०,००० रुपये, १२ टक्के, वर्षभरात फेड.” १२ टक्क्यांचे ३,६०० धरून महिन्याचा हप्ता २,८०० होतो. पण मुद्दल दरमहा घटत असताना व्याज पूर्ण रकमेवर लावलंय, म्हणून खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क आणि विम्याचे मिळून ९०० रुपये आधीच कापून २९,१०० हातात दिले, तर तो २७ टक्क्यांच्या वर जातो. गावच्या सावकाराचं शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. ऐकायला बारा स्वस्त, भरायला चोवीसपेक्षा महाग. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्मकर्जावर दराची कमाल मर्यादा ठेवलेली नाही. त्याऐवजी सगळे खर्च धरून येणारा दर कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत छापून देण्याची सक्ती केली. तो कागद दिलाच नाही, किंवा घरात मराठी-पोवारी बोलणाऱ्या बाईकडून इंग्रजी फॉर्मवर नुसती सही घेतली, तर संरक्षण तिथंच संपलं.

यावर पहिला आक्षेप असा की, नियम कडक केले तर गरिबाला कर्जच मिळणार नाही. त्यासाठी आंध्र प्रदेशाचा दाखला देतात, आणि तो खराच आहे: ऑक्टोबर २०१० च्या वटहुकमानंतर तिथली वसुली कोसळली आणि नवी कर्जं आटली. पण त्या वटहुकमाने हप्त्यांचं वेळापत्रक आणि वसुलीची पद्धतच एका फटक्यात बदलली होती. पावती आणि खरा दर छापून देण्याने कुणाचं भांडवल आटत नाही. ज्याचा धंदा लपवाछपवीवर चालतो त्यालाच ते जड जातं. दुसरा आक्षेप, ज्याला वाचता येत नाही त्याला कागद काय कामाचा? तो कागद मुलगी वाचेल, ग्रामसभेत कुणी वाचेल, लागलंच तर वकील वाचेल. तोंडी बोलणं मात्र नंतर कुणालाच वाचता येत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दारात कंपनी येत नाही, एजंट किंवा दलाल येतो, त्याचं काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एजंटाच्या वागणुकीला कंपनी जबाबदार असते. पण वहीच्या चिटोऱ्यावर हप्ता लिहिला, कंपनीच्या नावाची पावती दिलीच नाही, तर ती जबाबदारी कुणाच्या गळ्यात घालणार? मध्य प्रदेशात शेतकऱ्याला ऋणपुस्तिका मिळते. जमीन आणि तिच्यावरचं कर्ज त्यात चढतं. हा नमुना चांगला आहे, पण जमीन सहसा पुरुषाच्या नावावर असते आणि गटाचं कर्ज बाईच्या नावावर, त्यामुळे तिच्या कर्जाची नोंद त्यात नाही. अशी पुस्तिका प्रत्येक कर्जदाराच्या नावाने असावी, सावकार, कंपनी आणि दलाल यांच्या नोंदी त्यात सहीनिशी व्हाव्यात, आणि नोंद नसलेलं कर्ज वसूल करता येऊ नये. भोपाळने एवढं केलं तर नव्वद वर्षांच्या जुन्या कायद्याला दात येतील.

ते होईपर्यंत वाचकांनी चार गोष्टी पाळाव्यात. कोऱ्या चेकवर किंवा स्टँप पेपरवर सही करू नका. कर्जाचा दर सगळ्या खर्चांसकट लिहून मागा. हप्त्याची पावती कंपनीच्या किंवा सावकाराच्या नावाची घ्या आणि कर्ज फिटलं तरी जपून ठेवा. नोंदणीकृत कंपनी तक्रार ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं तक्रारीला फी लागत नाही.