घरातील जिना : डोळ्यासाठी आणि पायासाठी

नवे घर बांधावयास काढले की गृहस्थ नकाशात प्रथम दिवाणखाना पाहतो, गृहिणी स्वयंपाकघर पाहते, आणि देवघर कोठे असावे याविषयी वडीलधाऱ्यांना विचारले जाते. जिन्याची चौकशी कोणी करीत नाही. सर्व खोल्या मनासारख्या बसल्या म्हणजे कोपऱ्यात जी जागा उरेल तेथे जिना कोंबण्यात येतो. दिवसातून दहा-वीस वेळा, कधी धुण्याची बादली घेऊन तर कधी मूल कडेवर घेऊन ज्याचा उपयोग करावयाचा, त्याची ही उपेक्षा नवलाची खरी.

जुन्या घरांतून जिन्याला मान असा नव्हताच. पुण्याच्या वाड्यांतील कित्येक जिने जाड भिंतीच्या पोटात दडलेले, अरुंद, काळोखे आणि शिडीसारखे खडे असत. आधाराला काय तो एक दोर. अहमदाबादच्या पोळांतील लाकडी जिनेही याच जातीचे. आधुनिक वास्तुशिल्पाने जिना या अंधारातून बाहेर काढला आणि उजेडात, चारचौघांच्या नजरेसमोर उभा केला. पॅरिसजवळ प्वासी येथे ल कॉर्बूझिए याच्या योजनेप्रमाणे १९३१ मध्ये पुरी झालेली व्हिला साव्हॉय ही वास्तू या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यात चढउतारासाठी संथ उतरण आहे आणि तिच्या शेजारीच पांढरा, वळसे घेत जाणारा जिनाही आहे. पुढे १९४८ मध्ये लुइस बारागान याने मेक्सिको शहरात स्वतःसाठी घर बांधले. तेथील ग्रंथालयात भिंतीतून एकेक फळी बाहेर आलेली आहे. खाली टेकू नाही, बाजूला कठडा नाही.

अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांत ज्या अधांतरी पायऱ्या आणि काचेचे कठडे दिसतात, ते याच परंपरेतील होत. या जिन्यांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. खालून प्रकाश आणि वारा खेळतो, लहान दिवाणखाना मोठा भासतो. मात्र बारागान अविवाहित होता आणि ते घर त्याने आपल्यापुरते बांधले होते, हे त्याचे छायाचित्र ठेकेदाराच्या हाती देणाऱ्याने ध्यानात घेतलेले बरे. शिवाय अधांतरी पायरी खरोखर अधांतरी नसते. तिच्या मोकळ्या टोकावर माणसाचे वजन पडले की ती भिंतीतून उखडू पाहते. म्हणून भिंतीत काँक्रीटचा अथवा पोलादाचा भक्कम आधार आधीच घालावा लागतो. साध्या विटांच्या पातळ भिंतीत मागाहून फळ्या ठोकून हा जिना होत नाही.

डोळ्याचे झाले, पायाचे गणित जुने आहे. फ्रान्सुआ ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविशारदाने १६७५ मध्ये असा नियम सांगितला, की पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर असावी. वर उचललेले पाऊल पुढे टाकलेल्या पावलापेक्षा दुप्पट श्रमाचे, हा त्यातील विचार. आज ही बेरीज ६० ते ६५ सेंटिमीटरांच्या दरम्यान धरतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरातील पायरी २५ सेंटिमीटरांहून कमी रुंद आणि १९ सेंटिमीटरांहून अधिक उंच असू नये.

आता मजल्याची उंची ३ मीटर धरली तर १७ चढ होतात, प्रत्येक सुमारे साडेसतरा सेंटिमीटरांचा. पायरी २६ सेंटिमीटर रुंद ठेवली तर बेरीज ६१ येते. पायाला ती मानवते. मध्ये लँडिंग घेऊन उलट वळणाऱ्या अशा जिन्याला सुमारे ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद जागा हवी. एक लहानशी खोलीच म्हणा ना! ती द्यावयाची नसते, म्हणून पायऱ्या आखूड होतात. चढताना ते फारसे जाणवत नाही, कारण चढण्याला पावलाचा पुढचा भाग पुरतो. उतरताना मात्र बोटे कडेबाहेर लोंबतात, आणि म्हातारी माणसे पाऊल आडवे ठेवून एकेक पायरी उतरू लागतात. घरच्यांना वाटते, त्यांचे गुडघे गेले. पुष्कळदा गुडघ्यांइतकाच दोष पायरीचा असतो.

याहून घातक दोष आहे तो विषम पायऱ्यांचा. दोन-तीन पायऱ्या चालल्या की पायाला त्यांची उंची पाठ होते आणि डोळे दुसरीकडे वळतात. पुढची पायरी एखाद-दोन सेंटिमीटरांनी जरी वेगळी निघाली तरी पाऊल चुकते. गवंडी काँक्रीटच्या पायऱ्या बहुधा सारख्या ओततो; घोटाळा होतो तो फरशीच्या वेळी. जमिनीवर मसाल्यासह ६ सेंटिमीटरांचा थर पडतो आणि पायऱ्यांवर २ सेंटिमीटरांचा दगड बसतो. साहजिकच तळची पहिली पायरी ४ सेंटिमीटरांनी बुटकी होते, आणि वरच्या मजल्यावर नेणारी शेवटची तितकीच उंच. साडेसतराचे एकीकडे साडेतेरा होतात, दुसरीकडे साडेएकवीस! पाहुणा अडखळला की यजमान म्हणतो, “जरा जपून हं, ती पायरी तशीच आहे.” पाहुण्याला निदान सावध तरी केले जाते, रात्री पाणी प्यावयास उठलेल्या वृद्धाला कोण सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्याने दगावतात, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचे प्रमाण मोठे. हे सारे अपघात जिन्यावरचे नव्हेत, हे उघडच आहे. पण घरात उंचावरून पडण्याची जी मोजकी ठिकाणे, त्यांत जिना येतोच.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वीच जमिनीची आणि पायरीची फरशी ठरवावी, दोहोंची जाडी नकाशावर लिहावी, आणि पहिला व शेवटचा चढ त्या हिशेबाने कमीजास्त ओतावा. पायरीच्या पुढच्या कडेला दोन-तीन खाचा पाडाव्यात; गुळगुळीत संगमरवर ओल्या पायाला दगा देतो. कठड्याच्या गजांतील अंतर दहा सेंटिमीटरांच्या आत असावे, म्हणजे रांगत्या मुलाचे डोके त्यात शिरणार नाही; आणि आडवे गज टाळावेत, मुलांना ती आयती शिडी होते. काचेचा कठडा लावला तरी त्यावर मुठीत मावेल अशी गोल पट्टी हवी. दिव्याचे बटण जिन्याच्या खालीही असावे आणि वरही.