व्हॅनचे फिरते घर : छत कापण्यापूर्वी

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचणाऱ्या जयपुरात बंद पत्र्याची मालवाहू व्हॅन भट्टीसारखी तापते. साहजिकच तिचे फिरते घर करू इच्छिणारा छताला झरोका पाडू पाहतो. सुटा पलंग ठेवणे वेगळे, छत कापणे वेगळे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरविणाऱ्या बदलास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा संभवतात. म्हणून प्रथम परिवहन कार्यालयाची लेखी मान्यता घ्यावी. कर्जाऊ वाहन बँकेकडे तारण असते. तेव्हा बँकेची संमती घेऊन विमा कंपनीसही कळवावे. अन्यथा अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो; हप्ते मात्र थांबत नाहीत.