पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या : आधी टेस्ट, मग गोळी



गणपती, सत्यनारायण किंवा घरचं लग्न जवळ आलं की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. इथे यूएईत तर बऱ्याच जणी त्या सुट्टीवरून येतानाच बॅगेत घालून आणतात आणि मग एकीकडून दुसरीकडे जातात. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे. पण विषय महत्त्वाचा वाटला, म्हणून वाचून जे समजलं ते सोप्या शब्दांत मांडते.

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. एकेकाळी याच जातीचं हार्मोन, इस्ट्रोजेनच्या जोडीने, दिवस गेलेत का हे ओळखायला देत असत. गोळ्या घेऊन रक्तस्राव झाला तर दिवस नाहीत, झाला नाही तर आहेत! म्हणजे जी खरोखर गरोदर, तिच्या बाळालाही तो डोस मिळायचा. १९६७ साली ब्रिटनच्या डॉ. इसाबेल गाल यांनी या गोळ्यांचा आणि बाळाच्या पाठीच्या कण्यातल्या दोषाचा संबंध असावा अशी शंका मांडली. तिथलं ‘प्रिमोडॉस’ मात्र १९७८ पर्यंत बाजारात होतं.

भारतात १९८२ मध्ये अशा जास्त डोसच्या गोळ्यांवर बंदीचा आदेश निघाला, पण कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती मिळवली. ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क आणि महिला संघटनांनी लढा चालू ठेवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली.

या गोळ्यांमुळेच व्यंग होतं का, यावर अजून एकमत नाही. २०१७ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीला तसा पुरावा पुरेसा वाटला नाही. २०१८ च्या एका आढाव्यात मात्र संबंध दिसला. २०२० च्या सरकारी चौकशी अहवालाचं म्हणणं असं, की शंका आली तेव्हाच, १९६७ मध्येच, हे औषध थांबवायला हवं होतं.

आता आपल्या गोळ्यांकडे येऊ. गर्भ राहिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी चुकते आणि आपल्याला शंका येते. बाळाचं हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडधडू लागतं. मेंदू आणि कणा ज्यातून बनतो ती नळी २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. समजा, आपण गोळ्या घेऊन पाळी दहा दिवस पुढे ढकलली. पाळी आली नाही तरी ‘गोळ्यांमुळेच’ असं वाटतं आणि नेमके तेच दिवस निघून जातात. फॉलिक अ‍ॅसिड सुरू होत नाही, इतर औषधं थांबत नाहीत. निसर्गाने दिलेली सूचनाच आपण बंद करून ठेवलेली असते.

म्हणून लक्षात ठेवा :

• गरोदरपणात या गोळ्या घ्यायच्या नसतात. दिवस जाण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आधी टेस्ट करा, डॉक्टरांना विचारा. फार लवकर केलेली टेस्ट चुकीची ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.

• गोळ्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. नाही आली तर पुन्हा टेस्ट करा.

• दिवस पाडण्यासाठी या गोळ्या कधीही घेऊ नका.

• मूल हवं असेल तर आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्या.

आणि नकळत घेतल्याच असतील तर? घाबरू नका, घाईने गर्भपाताचा निर्णय तर मुळीच नको. कुठलंही औषध न घेताही शंभरातल्या दोन-तीन बाळांत मोठा दोष असतो. डेन्मार्कमध्ये आठ लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास झाला (२०१६). त्यात नकळत घेतल्या गेलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे दोष वाढलेले दिसले नाहीत. त्या गोळ्या आणि डोस वेगळे, तरी धीर देणारी गोष्ट आहे. गोळीचं नाव आणि तारखा डॉक्टरांना सांगा. मात्र गर्भ टिकावा म्हणून डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन दिलं असेल, तर हा लेख वाचून ते बंद करू नका. ते वेगळं औषध आहे.

मुलीसुनांना, मैत्रिणींना हे जरूर सांगा. आणि हो, घरच्या पुरुष मंडळींनीही वाचावं!