उबुंटूचे ‘अपडेट’ अडते तेव्हा

उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकण्याचे काम ‘एपीटी’ दोन टप्प्यांत करते. ‘अपडेट’ म्हटले की सर्व्हरवरून फक्त पॅकेजांची ताजी यादी येते. ‘अपग्रेड’ किंवा ‘इन्स्टॉल’ म्हटल्यावरच प्रत्यक्ष फाइली उतरतात. यादीच शिळी असेल तर पुढचे सगळे अडते. म्हणून घाबरून न जाता त्रुटीची ओळ नीट वाचावी. कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते.

‘४०४’ दिसले, तर यादी जुनी आहे किंवा आवृत्तीची मुदत संपली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २३.१० या आवृत्तीला नऊच महिने पाठबळ होते. जुलै २०२४ मध्ये ते थांबले. अशा आवृत्त्यांची पॅकेजे कालांतराने ‘ओल्ड-रिलीजेस’ या वेगळ्या सर्व्हरवर जातात आणि जुन्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. खरा उपाय म्हणजे नव्या आवृत्तीवर जाणे. दीर्घकाळ पाठबळ मिळणारी ‘एलटीएस’ आवृत्ती घेतली, तर पाच वर्षे चिंता नाही.

‘नो पबकी’ म्हणजे यादीवरची डिजिटल सही पडताळायची किल्ली संगणकाकडे नाही. ती अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. पडताळणीच बंद करणे धोक्याचे. ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असे आले, तर आधी संगणकाचे घड्याळ तपासावे. ‘लॉक’, म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप, मिळत नसेल, तर मागे आपोआप अपडेट चालू असण्याची शक्यता मोठी. थोडे थांबावे, लॉकची फाइल पुसू नये. वीज जाऊन इन्स्टॉल अर्धवट राहिले, तर एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेजे बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ची ‘कॉन्फिगर’ आज्ञा उरलेले काम पुरे करते. पूरक पॅकेजे गहाळ असतील, तर एपीटीचा ‘फिक्स-ब्रोकन’ पर्याय वापरावा.