कर्नाळ्याच्या किल्लेदाराचा नातू

पनवेलजवळच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांनी घेतला. नातवाला मात्र उदरनिर्वाहासाठी पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करावी लागली.

आई अत्यवस्थ असता त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. ते घरी पोहोचले, तेव्हा मातेने डोळे मिटले होते. हे शल्य त्यांच्या अंतःकरणात कायमचे राहिले. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी घरोघरी तेच दुःख पाहिले. अन्नावाचून मायलेकरांची ताटातूट होत होती. तेव्हा त्यांचे दुःख एका घराचे राहिले नाही. १८७९ मध्ये रामोशी बांधवांना संगती घेऊन त्यांनी बंड उभारले. ते पकडले गेले. जन्मठेप भोगीत असता १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, मायभूमीपासून दूर एडन येथे, त्यांनी देह ठेवला.